मंद आच आणि मोरीतली भांडी



स्वयंपाक केव्हा संपतो, असा प्रश्न घरातल्या पुरुषमाणसाला विचारला तर तो म्हणेल, पाने वाढली की संपला. हाच प्रश्न घरातल्या बाईला विचारून पाहा. ती म्हणेल, मोरीतले शेवटचे पातेले घासून पालथे घातले की संपला. या दोन उत्तरांमध्ये तासाभराचे अंतर आहे. आज मी बोलणार आहे ते या तासाभराविषयी.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्राच्या माणसाने खरकट्या भांड्यांवर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण अर्थशास्त्र म्हणजे तरी काय? श्रम कुठे खर्च होतात, वेळ कुठे जातो आणि त्यातला वाचवण्याजोगा किती, याचा हिशेबच ना? 2019 साली आपल्या देशात वेळेच्या वापराची एक मोठी सरकारी पाहणी झाली. सहा वर्षांवरील सर्व माणसांना तीत धरले होते. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जातात, असे तीत आढळले. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी निघाली 97 मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या ऐंशीहून अधिक, आणि पुरुष शंभरातले सव्वीसच. या पाच तासांत भांडी घासण्याचा वाटा लहान नसतो. आणि खेड्यात तर भांड्यांबरोबर पाणीही आणायचे असते.

आता पाच तासांतला अर्धा तास कमी करायचा म्हटले, तर कुठून कमी होईल? भाकरी थापायलाच हवी. भाजी चिरायलाच हवी. पण करपलेले पातेले खरवडणे हे काम असे आहे की ते मुळात निर्माणच झाले नाही तर कुणाचेच काही बिघडत नाही. म्हणून तिथून सुरुवात करू.

हल्ली शहरांतून आणि परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरांतून विजेचे एक भांडे दिसते. त्याला स्लो कुकर म्हणतात. बाहेर पत्र्याचे कवच, आत चिनीमातीचे जाड भांडे, वर काचेचे झाकण. सकाळी डाळ, भाजी, पाणी घालून बटण लावायचे आणि आपल्या कामाला जायचे. मंद आचेवर सहा-आठ तासांत पदार्थ आपोआप शिजतो. याची वीजही फारशी नसते. दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले तर दीड युनिटाच्या थोडी वर वीज लागते.

या भांड्याची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेत शिकागो येथे अर्व्हिंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते. त्यांची आजी युरोपातल्या लिथुआनियात, विल्ना या गावी राहत असे. ज्यू लोकांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत विस्ताव पेटवायचा नाही, काम करायचे नाही, असा धर्मनियम आहे. मग शनिवारी ऊन अन्न मिळावे कसे? तेव्हा बायका शुक्रवारी कडधान्य, मांस, कंदमुळे एका हंडीत घालून ती हंडी गावच्या बेकरीत नेऊन देत. भट्टीतला विस्तव हळूहळू विझत जाई आणि त्या उतरत्या धगीवर रात्रभर ते कालवण शिजत राही. त्याला चोलंट म्हणतात. आईच्या तोंडून ही हकीकत ऐकून नॅक्सन यांनी विजेवर चालणारे तसे भांडे बनवले. 1940 साली त्यांना त्याचा एकाधिकार मिळाला. पुढे 1970 मध्ये त्यांचा कारखाना दुसऱ्या एका कंपनीने घेतला आणि 1971 पासून तेच भांडे क्रॉक-पॉट या नावाने घरोघर गेले.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. प्रारंभी आतले भांडे बाहेरच्या कवचात पक्के बसवलेले असे. कवचात वीज, त्यामुळे ते पाण्यात बुडवायची सोय नाही. स्वयंपाक आपोआप व्हायचा, पण धुताना मात्र नाकी नऊ यायचे! 1974 साली आतले भांडे सुटे केले, आणि मग ते धुणे सोपे झाले. म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी निघालेली युक्ती धुण्याच्या त्रासापाशी अडली होती, ती तिथे सुटली. स्वयंपाकाचे कोणतेही नवे साधन घेताना हे ध्यानात ठेवावे. ते किती लवकर शिजवते एवढेच विचारू नये. शिजल्यावर ते किती कष्टाने घासावे लागते, हेही विचारावे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. आपल्या चुलीला वैल असतो. चुलीतली उरलेली धग वैलाकडे जाते आणि तिच्यावर डाळ सावकाश शिजत राहते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर दूध तापत ठेवायची रीतही जुनीच. 1910 साली कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. एका उभ्या डब्यात एकावर एक भांडी, खाली थोडे कोळसे, आणि वाफेवर वरण, भात, भाजी एकदम तयार. मराठी घरांतही हे नाव एके काळी चांगले ओळखीचे होते.

आता भांडे घाण का होते ते पाहू. भांड्यात पाणी आहे तोवर त्यातला पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर तापत नाही. बुडाशी पाणी आटले की तिथल्या धातूची उष्णता एकदम वाढते. डाळ-तांदळातले पीठ आणि दुधातली प्रथिने तिथे चिकटतात, तपकिरी होतात आणि शेवटी त्यांचा कोळसा होतो. हा कोळसा पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याला राख, काथ्या, मनगटाचा जोर आणि हंडाभर पाणी, सगळे लागते. आच मंद असली की बुडाची उष्णता एकदम चढत नाही, पाणी फारसे आटत नाही, म्हणून पदार्थ सहसा बुडाला लागत नाही. मंद आचेचा हा पहिला फायदा.

मात्र मंद आचेच्या भांड्याची एक खोड आहे. बूड स्वच्छ राहते, पण कडेला, रश्श्याच्या पातळीच्या वर, उडालेले थेंब तासन् तास वाळत बसतात आणि त्यांची एक गोल कड तयार होते. ही कड घासणे हेच मोठे काम. ते टाळण्याच्या पाच-सहा गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. भांडे निम्म्याहून कमी भरू नये आणि पाऊणच्या वर भरू नये. फार कमी भरले तर कोरडी भिंत जास्त राहते आणि तिच्यावर सगळे वाळते. फार भरले तर उतू जाते. घरात माणसे दोनच असतील तर आत एक लहान स्टीलचा डबा ठेवावा, डब्याभोवती ऊन पाणी घालावे आणि पदार्थ डब्यात शिजवावा. याला थोडा वेळ जास्त लागतो. पण मग चिनीमातीचे जड भांडे नुसते विसळले की झाले. घासायचा तो डबा.

दुसरी गोष्ट. पदार्थ घालण्यापूर्वी आतून, विशेषतः वरच्या कडेला, तेलाचे किंवा तुपाचे बोट फिरवावे. कोकणात हळदीच्या पानावर पातोळ्या करतात. पाने सोलली की पातोळी अलगद सुटते. तशीच युक्ती इथेही चालते. भाजीच्या बुडाशी केळीचे किंवा हळदीचे पान घातले तर बूड लागत नाही आणि पान गुरांपुढे किंवा खतात जाते. परदेशात यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात, त्या एकदा वापरून टाकायच्या. आपल्याला त्या कचऱ्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट. दूध, दही, नारळाचे दूध, गूळ आणि साखर हे चटकन लागणारे जिन्नस. ते सुरुवातीला घालू नयेत, शेवटच्या अर्ध्या तासात घालावेत.

चौथी गोष्ट फोडणीची. परदेशी पाककृतींत आधी कांदा, मसाला वेगळ्या तव्यात परतून मग तो कुकरमध्ये घालायला सांगतात. म्हणजे एक तवा आणि एक उलथने वाढले! आपली रीत याहून बरी. डाळ शिजू द्यावी आणि शेवटी लोखंडी पळीत तेल, मोहरी, हिंग, मिरची यांची फोडणी करून पळीच डाळीत बुडवावी. पळी तिथल्या तिथे निघते, निराळे भांडे लागत नाही.

पाचवी गोष्ट. झाकण सारखे उघडून ढवळू नये. एकदा झाकण काढले की गेलेली वाफ पुन्हा भरायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि दर वेळी एक चमचा ओट्यावर माखतो तो वेगळाच. एकच डाव घ्यावा, तो एका बशीत ठेवावा आणि वाढतानाही तोच वापरावा. मापाला वाटी घेतली तर डाळ, तांदूळ, मीठ, तिखट या क्रमाने कोरडे जिन्नस आधी मोजावेत आणि तेल शेवटी मोजावे. म्हणजे वाटी एकदाच धुवावी लागते.

सहावी गोष्ट पदार्थ काढल्यानंतरची. रिकामे भांडे कोरडे पडू देऊ नये. पण चिनीमातीचे तापलेले भांडे एकदम गार पाण्याखाली धरले तर त्याला तडा जातो. थोडे निवू द्यावे, मग कोमट पाणी घालावे, चमचाभर खायचा सोडा टाकावा आणि झाकून ठेवून आपण जेवायला बसावे. जेवण होईपर्यंत कड आपोआप सुटते. लोखंडी घासणीने चिनीमातीची झिलई खरवडली जाते, तिथे काथ्याच बरा. सोड्याविषयी एक इशारा देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तो भिजत ठेवू नये, भांडे काळे पडते. त्याला चिंच किंवा लिंबाची साल बरी. दुधाचे भांडे आधी गार पाण्याने विसळावे, कारण उकळत्या पाण्याने दुधातली प्रथिने अधिकच घट्ट बसतात. तेलकट भांडे मात्र ऊन पाण्याने, आणि सगळ्यांच्या शेवटी. नाही तर एका भांड्याचे तेल दहा भांड्यांना लागते.

भांडी वाचवण्याच्या नादात एक भांडे मात्र वाचवू नये, हे मुद्दाम सांगतो. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी द्रव्य असते. ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, आणि मंद आचेच्या भांड्यात तेवढी उकळी येईलच असा भरवसा नसतो. कच्चट शिजलेला राजमा खाल्ला तर काही तासांत जोराच्या उलट्या होतात. म्हणून राजमा निदान पाच तास, खरे तर रात्रभर, भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात वेगळ्या पातेल्यात अर्धा तास चांगला उकळावा, आणि मगच मंद आचेवर टाकावा. इथे एक पातेले जास्त घासावे लागले तरी चालेल.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, साहेब, आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि असले भांडे विकत कोण घेणार? ही शंका रास्त आहे. मंद आचेसाठी वीज लागतेच असे नाही. 1867 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेकडची एक स्वयंपाकाची पेटी मांडली होती. आत उष्णता धरून ठेवणारे जाड अस्तर, मध्ये झाकणाचे भांडे, आणि खाली विस्तव नाहीच! पदार्थ उकळून पेटीत ठेवला की स्वतःच्या उष्णतेवर शिजत राही. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडात जळण वाचवण्यासाठी गवत भरलेल्या अशा पेट्या घरोघर करायला सांगत.

आपल्याकडे ही पेटी एक पैसा न खर्चता होते. एक मोठी पाटी किंवा लाकडी खोके घ्या. बुडाशी आणि कडेने चार-चार बोटांहून जाड असा वाळका पेंढा दाबून भरा. मध्ये पातेले बसेल एवढी जागा ठेवा. भिजवलेली तुरीची डाळ पातेल्यात पाऊण भरेल इतकी घ्या, चुलीवर खळखळून उकळी आणा, दहा-पंधरा मिनिटे उकळू द्या, घट्ट झाकण लावा, आणि पातेले पुसून पेंढ्यात ठेवा. वरून जुनी गोधडी चांगली खोचा. तीन-चार तास उघडून पाहू नका. मग पातेले काढून पुन्हा एक उकळी आणा, फोडणी द्या आणि वाढा. पेटीत अन्न रात्रभर मात्र ठेवू नये. अन्न साठ अंशांच्या खाली जाऊन कोमट राहिले की त्यात जंतू वाढतात. पेंढा चुलीपासून दूर आणि कोरडा ठेवावा, हे तर सांगायला नकोच.

भांड्यांच्या दृष्टीने या पेटीचा लाभ दुहेरी आहे. खाली विस्तव नसल्याने बूड करपण्याचा प्रश्नच येत नाही. आणि पातेले चुलीवर थोडाच वेळ असल्याने बाहेरून काजळीही कमी धरते. चुलीवर जाण्यापूर्वी बुडाला बाहेरून माती आणि राख कालवून पातळ लेप दिला, तर जी काजळी बसते ती लेपाबरोबर निघून जाते. ही आपल्या आजीबाईंची युक्ती आहे. ती विसरू नये.

आता पाण्याचा हिशेब करू. समजा, संध्याकाळच्या स्वयंपाकाला आज पाच भांडी लागतात आणि या युक्त्यांनी ती तीनवर आली. एका भांड्याला दीड लिटर पाणी धरले, तर एका वेळेला तीन लिटर वाचले. दोन वेळचे सहा लिटर, महिन्याचे एकशे ऐंशी लिटर. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर बारा हंडे झाले. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा डोक्यावरून आणायचे बारा हंडे कमी झाले, ही काही थोडी गोष्ट नाही. माझे आकडे घरोघर बदलतील. आपल्या घरचा आकडा आपण मोजून काढावा.

आणि इथे मला शाळामास्तरांना आणि बाईंना एक विनंती करायची आहे. पाचवी-सहावीच्या मुलांकडून दोन सोपे प्रयोग करवून घ्या. पहिला असा की, दोन सारखी भांडी घ्यायची, दोन्हींत सारखेच उकळते पाणी घालायचे आणि झाकायचे. एक उघड्यावर ठेवायचे, दुसरे पेंढ्याच्या पेटीत. दर अर्ध्या तासाने उष्णतामापकाने उष्णता मोजून वहीत लिहायची आणि आलेख काढायचा. उकळते पाणी ओतण्याचे काम अर्थातच मोठ्यांनी करावे. दुसरा प्रयोग घरचा. आठवडाभर प्रत्येकाने आपल्या घरी भांडी घासायला लागणारे पाणी लिटराच्या मापाने मोजायचे, आणि भांडी कोण घासते तेही लिहायचे. पहिल्या प्रयोगात विज्ञान शिकता येईल. दुसऱ्यात गणितही शिकता येईल आणि गणितापलीकडचेही काही.

त्या दुसऱ्या वहीत काय सापडेल, याची मला थोडीफार कल्पना आहे. भांडी घासणाऱ्यांच्या रकान्यात आईचे नाव येईल, आजीचे येईल, आणि बऱ्याच घरांत त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीचे येईल. सकाळची प्रार्थना सुरू झाल्यावर धावत येणारी मुलगी आपण वर्गाबाहेर उभी करतो. ती उशिरा का आली, हे विचारताना मोरीतल्या भांड्यांचीही आठवण ठेवावी. ती मुलगी आळशी नसते. तिचा अर्धा तास रात्रीच्या करपलेल्या पातेल्याने घेतलेला असतो. तो अर्धा तास तिला परत मिळाला, तर कविता पाठ होईल, उदाहरणे सुटतील, निदान पोटभर न्याहारी तरी होईल.

म्हणून शेवटची युक्ती सांगतो. तिला वीज नको, पेंढा नको, सोडाही नको. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आपले ताट ज्याने त्याने घासावे असा शिरस्ता होता. घरात पाच माणसे असतील आणि प्रत्येकाने आपले ताट, वाटी, पेला घासून ठेवला, तर पंधरा नग एका बाईच्या वाट्याचे कमी होतात. यात मुलगा-मुलगी हा भेद नको. आणि वडीलमाणसाने स्वतः सुरुवात केली तर मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

मंद आच म्हणजे आळस नव्हे. विस्तवाचे काम विस्तवाला सावकाश करू द्यावे आणि माणसाचे हात त्या वेळात दुसऱ्या कामाला, नाही तर विसाव्याला, मोकळे ठेवावेत, एवढाच तिचा अर्थ. उद्या सकाळी डाळ भिजत घालाल, तेव्हा एक जुनी गोधडी आणि एक पाटी शोधून ठेवा. करून पाहा आणि जमले तर शेजारणीलाही सांगा.